फेरेटची शिंक, डेन्मार्कचे मिंक आणि आमचा काळ्या

आजचा भाग घरच्या पडवीत बसून रेकॉर्ड केलाय, भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी. मागे कोंबड्यांचा आवाज येईल. येऊ द्या, आजच्या विषयात त्यांचाही वाटा आहे.

आमच्या घरी काळ्या नावाचा कुत्रा होता. आमचं गाव कोका अभयारण्याच्या कडेला. धान पोटरीवर आलं की रानडुकरं उतरतात, म्हणून बाबा रात्री जागलीला जायचे आणि काळ्या त्यांच्या पुढे. दोन वर्षांचा असेल तेव्हाची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. त्याच्या डोळ्यांतून पिवळी घाण यायला लागली, नाक वाहायला लागलं. आम्हाला वाटलं, सर्दी. मग खाणं सुटलं, जुलाब झाले. आठवड्याभराने तो बसल्या जागी जबडा चावल्यासारखा हलवायला लागला, तोंडाला फेस. झालं, गावात बोंब उठली, कुत्रा पिसाळला! दोघंतिघं काठ्या घेऊन दारात आले. बाबांनी त्याला गोठ्यात बांधलं आणि दार लावून घेतलं.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी लांबूनच नीट पाहिलं, पावलांची कातडी जाड झालेली पाहिली. म्हणाले, "जवळ नका जाऊ, सावध राहा. पण मला हा डिस्टेंपर वाटतो जी. लस दिली होती का?"

रेबीजची दिली होती, गावातल्या शिबिरात. डिस्टेंपरची लस असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी काळ्या गेला. बाबांनी खोल खड्डा करून त्याला बांधावर पुरलं आणि त्या वर्षी जागलीला एकटेच गेले.

तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. डिस्टेंपर म्हणजे काय, त्याची लस कोणी शोधली, कशावर शोधली? वाचत गेलो तर गाडी कुत्र्यावर थांबलीच नाही. ती भलत्याच एका घराण्यापाशी गेली, मिंकच्या.

मिंक आपल्याकडे नाही. लांबट अंग, आखूड पाय, चकचकीत दाट केस. फोटो पाहिला तर तुम्ही म्हणाल, हे तर मुंगूस! पण मुंगूस वेगळ्या घराण्यातलं. मिंकच्या घराण्याला मुस्टेलिडे म्हणतात. त्यात फेरेट आहे, बॅजर आहे, आणि आपले दोन नातेवाईक आहेत. एक पाणमांजर, म्हणजे ऊद. ते पेंचच्या जंगलात आहे, आणि पेंच नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला आपल्या वैनगंगेला. दुसरं चांदी अस्वल, ज्याला इंग्रजी चॅनलवाले हनी बॅजर म्हणून फार मिरवतात. ते नागझिऱ्याच्या प्राण्यांच्या यादीत आहे. रात्रीच फिरतं, म्हणून आपल्याला दिसत नाही इतकंच.

या घराण्याचं दुर्दैव असं की दुसऱ्यांचे आजार त्यांना फार लवकर लागतात. कुत्र्याचे लागतात, मांजराचे लागतात, पक्ष्यांचे लागतात, माणसाचेही लागतात. आणि विज्ञानाने नेमका याच दुर्दैवाचा फायदा घेतला.

१९०५ मध्ये फ्रान्सच्या आंरी कारे यांनी दाखवलं की कुत्र्यांचा डिस्टेंपर बारीक गाळणीतूनही आरपार जाणाऱ्या कशामुळे तरी होतो. बॅक्टेरिया त्या गाळणीत अडकतात, म्हणजे हे बॅक्टेरियापेक्षा लहान. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. पण बरीच वर्षं अनेकांनी ते मानलं नाही. मग १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये शिकारी कुत्र्यांचे श्रीमंत मालक वैतागले. 'द फील्ड' नावाचं शिकार-शेतीचं नियतकालिक होतं, त्याने वर्गणी गोळा केली. कुत्र्यांच्या आजारासाठी वर्गणी! आपल्याकडे तेव्हा प्लेगच्या आठवणी ताज्या होत्या आणि तिकडे साहेब कुत्र्यांसाठी पैसे जमवत होता, असं वाटून मला आधी जरा रागच आला. पण त्या पैशातून पुढे जे निघालं ते पाहून राग आवरता घेतला.

लंडनजवळच्या मिल हिलला पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन या दोघांनी काम सुरू केलं. अडचण अशी की रस्त्यावरच्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना आजार कधी ना कधी होऊन गेलेला. त्यांच्यावर प्रयोग करून काय कळणार? शिकारीच्या राखणदारांना मात्र एक गोष्ट माहीत होती. ससे बिळातून हुसकायला ते फेरेट पाळायचे, आणि कुत्र्यांत डिस्टेंपर आला की फेरेट पटापट मरायचे. लेडलॉ-डंकिननी हे उचललं. फेरेटला हा आजार झाला की तो बहुधा वाचतच नाही, म्हणजे चाचणी म्हणून एकदम पक्की. त्यांनी प्राण्यांसाठी अलग वाडा बांधला. आत जाणाऱ्याने अंघोळ करायची, कपडे बदलायचे, रबरी बूट जंतुनाशकात बुडवायचे. कोविडमध्ये आपण शिकलो ते सगळं, शंभर वर्षांपूर्वी. विषाणू खरा आहे हे त्यांनी सिद्ध केलं आणि १९२० चं दशक संपता संपता लसही आली. म्हणजे काळ्याला जी लस मिळायला हवी होती, तिचा इतिहास त्याच्या जन्माआधी नव्वद-एक वर्षांचा होता.

आता इथून गोष्ट आपल्या घरात येते.

आमच्या आजीच्या सासूबाई मानमोडीची गोष्ट सांगायच्या. १९१८ चा इन्फ्लुएन्झा, त्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून तो देशात शिरला, आणि पावसाळ्यानंतरची दुसरी लाट भयानक होती. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात, गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक. देशभरात मेलेल्यांचा आकडा एक कोटीच्या वर जातो. आमच्या घरातून दोन आठवड्यांत तीन माणसं गेली. म्हातारी सांगायची, सरणाला लाकूड मिळेना आणि खांदा द्यायला माणूस मिळेना. जंगलाच्या कडेचं गाव, आणि लाकूड मिळेना. लाकूड तोडायला धडधाकट माणूसच उरला नव्हता.

आणि हा आजार कशाने होतो हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. बरेच डॉक्टर एका बॅक्टेरियाला दोष देत होते. ते चूक होतं.

१९३३ च्या सुरुवातीला लंडनमध्ये पुन्हा फ्लूची साथ आली. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि आपले डिस्टेंपरवाले लेडलॉ, तिघांनी ठरवलं, फ्लू झालेल्या माणसाच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात टाकून पाहू. फेरेट मिल हिलला तयारच होते, अलग वाडा तयारच होता. पाणी मिळालं खुद्द अँड्र्यूज यांच्या घशातून, कारण तेच आजारी पडले होते! दोन दिवसांत फेरेटला ताप आला, नाक वाहू लागलं, शिंका सुरू झाल्या. ते पाणीही बारीक गाळणीतून काढलेलं, म्हणजे बॅक्टेरिया नव्हताच. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला. पुढे १९३६ मध्ये एक आजारी फेरेट चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना फ्लू झाला. उलटा प्रवासही सिद्ध झाला.

आजही फ्लूचा नवा विषाणू माणसात किती पसरेल हे तपासायचं तर आधी फेरेट घेतात. त्याच्या श्वासनलिकेत विषाणू जिथे चिकटतो त्या जागा आपल्यासारख्याच आहेत.

म्हातारीच्या तीन माणसांना कोणी मारलं, याचं उत्तर पंधरा वर्षांनी सापडलं. तेही मिंकच्या चुलतभावाच्या नाकात, कुत्र्यांसाठी जमवलेल्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या वाड्यात. मला हे आजीला सांगायचं होतं, पण समजावून सांगण्याइतकं मलाच कळलं तेव्हा आजी राहिली नव्हती.

फेरेट प्रयोगशाळेत गेला आणि मिंक पिंजऱ्यात. मिंकच्या कातडीचा कोट म्हणजे श्रीमंती. त्यासाठी अमेरिका, कॅनडा, मग युरोपात हजारो मिंक एकाला एक लागून तारेच्या पिंजऱ्यांत पाळायला लागले. मूळचा हा प्राणी एकटा राहणारा. एकट्या राहणाऱ्याला गर्दीत कोंबलं की काय होतं ते कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा. डिस्टेंपर फार्मच्या फार्म साफ करायचा. १९४० च्या दशकात कॅनडात मिंकच्या आतड्यांचा नवा आजार निघाला, तो मांजरांच्या एका विषाणूचा भाऊ. १९७८ मध्ये त्याच विषाणूकुळातून कुत्र्यांचा पार्वो आला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. हो, तोच पार्वो, ज्याने पिल्लं रक्ताचे जुलाब होऊन मरतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो भारतातही नोंदला गेला. मिंकवाल्यांनी निळसर रंगाची एक खास जात तयार केली, तर त्या जातीत अल्यूशियन नावाचा वेगळाच रोग, तो १९५६ मध्ये ओळखला गेला.

पण मला सगळ्यात जास्त चटका लावून गेली ती काळ्या पायांच्या फेरेटची गोष्ट. हा अमेरिकेतला रानटी फेरेट, संपला असंच सगळे धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीट्सी गावाजवळ शेप नावाच्या एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेला प्राणी घरी आणून टाकला. मालकाने आधी फेकून दिला, मग ओळख पटली, हा तर तोच! शोध घेतला तर शंभरावर फेरेट जिवंत सापडले. आनंदीआनंद. चार वर्षांनी, १९८५ मध्ये, तिथे डिस्टेंपर शिरला. १९८७ पर्यंत उरलेले अठरा पकडून आणावे लागले, आणि आज जे काही आहेत ते जवळजवळ सगळे त्यातल्या सातांचे वंशज. त्याआधी सत्तरच्या दशकात दक्षिण डकोटातून सहा फेरेट पकडून त्यांना लस दिली होती. पाळीव फेरेटला चालणारी, तपासलेली लस. सहापैकी चार त्या लसीनेच मेले. ज्या घराण्यावर लस शोधली, त्याच घराण्यातल्या रानटी भावाला ती विष ठरली.

मग २०२०. आपण सगळे घरात कोंडलेले, भांडी वाजवून झालेली. एप्रिलमध्ये नेदरलँड्सच्या मिंक फार्मवर कोविड सापडला. कामगारांकडून मिंकला गेलेला. जूनमध्ये डेन्मार्क. हा देश मिंकच्या कातडीत जगात पहिल्या रांगेत, माणसं अठ्ठावन्न लाख आणि मिंक दीड कोटीच्या वर. मिंकमध्ये फिरता फिरता विषाणू बदलला आणि परत माणसांत आला. ४ नोव्हेंबर २०२० ला पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी जाहीर केलं, सगळे मिंक मारा. आजारी असोत की नसोत.

नंतर लक्षात आलं की निरोगी मिंक मारायचा आदेश द्यायला सरकारकडे कायदाच नव्हता. कृषिमंत्री मोगेन्स येन्सेन यांना राजीनामा द्यावा लागला. तोवर मारणं चालूच होतं. घाईघाईने लष्कराच्या जमिनीवर होल्स्टेब्रो आणि कारूपजवळ खड्डे खणून पुरलं, तर आत वायू तयार होऊन मेलेले मिंक मातीतून वर यायला लागले. पुढच्या वर्षी ते सगळे उकरून जाळावे लागले. पंतप्रधान एका मिंकवाल्या कुटुंबाला भेटायला गेल्या आणि कॅमेऱ्यासमोर रडल्या. लोकांनी तेव्हा मीम बनवले. मला आमच्या गोठ्याचं दार आठवलं. फरक इतकाच की तिथे दार आतून लावून घेणारं कोणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? भारतात मिंकचे फार्म नाहीत, आणि मिंकच्या कातडीच्या आयातीवरही जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. खरंय. मिंक येणार नाहीत. पण त्यांचे आजार केव्हाचे आपल्याकडे आहेत.

ऑक्टोबर २०२२, स्पेनच्या गॅलिसियातलं काराल. एका फार्मवर सुमारे बावन्न हजार मिंक. त्यांच्यात बर्ड फ्लू घुसला, एच-फाइव्ह-एन-वन, आणि पिंजऱ्यातून पिंजऱ्यात पसरला. संशय होता समुद्रपक्ष्यांवर. सगळे मारले. शास्त्रज्ञ घाबरले ते एका कारणाने. पक्ष्यांचा फ्लू सस्तन प्राण्याकडून सस्तन प्राण्याला जात असावा, याचं हे ठळक चिन्ह होतं, आणि तेही फेरेटच्या घराण्यात, ज्याचं नाक आपल्यासारखं. त्याच काळात ब्रिटनमध्ये नद्यांवरची पाणमांजरं आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरची समुद्री पाणमांजरं याच विषाणूने मेलेली सापडली.

हा विषाणू महाराष्ट्राला नवा नाही. देशात तो कोंबड्यांमध्ये पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. पण डिसेंबर २०२४ मध्ये जे झालं ते वेगळं होतं. नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. चंद्रपूरकडून पकडून आणलेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला उत्तर आलं, बर्ड फ्लू. त्याच जानेवारीत सीमेपलीकडे छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये तोच सापडला. गोरेवाडा भंडाऱ्यापासून किती लांब? एसटीने सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला परत याल.

आणि डिस्टेंपर? १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. बोट गेलं आजूबाजूच्या गावकुत्र्यांकडे. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये तेवीस सिंह मेले, त्यांच्यात डिस्टेंपर ओळखला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. सोलापूरजवळच्या नान्नजला, माळढोकाच्या अभयारण्याभोवती, संशोधकांनी गावकुत्रे आणि खोकडांचं रक्त तपासलं होतं. बहुतेक कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्वो होऊन गेल्याच्या खुणा, आणि काही खोकडांमध्येही. हा विषाणू गोवराचा भाऊ आहे, आणि बैलांच्या बुळकांडीचाही. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, माणसाने ठरवून संपवली. कारण बैल मेला की शेत पडायचं, राज्याचा महसूल बुडायचा. पाणमांजर मेल्याने कोणाचाच महसूल बुडत नाही.

मेलेला वाघ मोजला जातो, त्याचं शवविच्छेदन होतं, पेपरात येतं. नागझिऱ्यात एखादं चांदी अस्वल बिळात मेलं तर? तळ्याच्या पाळीवर पाणमांजर मेलं तर दोन दिवसांत खेकडे आणि घारी हिशेब संपवतात. म्हणून आपल्याकडे या प्राण्यांच्या साथींचा इतिहास लिहिलेलाच नाही. साथी आल्या नसतील असं मात्र मी म्हणणार नाही.

काळ्या जागलीला जायचा ना, तिथून जंगल शंभर पावलांवर. तो आजारी असतानाही दोन रात्री गेला होता. बांधावरच्या नाल्यात पाणी प्यायला, शिंकला असेल, जुलाब तर होतेच. त्या नाल्यावर रात्री कोण कोण पाणी प्यायला येतं हे बाबांना पायाच्या ठशांवरून माहीत आहे. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आपल्याला का माहीत होतं बाबू."

आमच्या गावाबाहेर, तलावाच्या सांडव्याजवळ, चिकनच्या दुकानाचा कचरा पडतो. पिसं, आतडी, कधी मेलेल्या कोंबड्या अख्ख्या. संध्याकाळी कुत्रे असतात, रात्री कोल्हे. यंदा ग्रामसभेत मी उठून हे बोललो. निम्मे हसले. दुकानदार माझ्याच शाळेतला, तो म्हणाला, "पुरायला जागा दे ना मंग." त्याचंही खोटं नाही. शेवटी गायरानाच्या कोपऱ्यात खड्डा खणायचं ठरलंय, चुना टाकून. अजून खणला गेला नाही.

आणि हो, रानातलं कुठलंही जनावर मेलेलं किंवा झटके येत असलेलं दिसलं तर हात लावू नका, सेल्फी तर नकोच. वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे, तिथे फोन करा. तो नमुना प्रयोगशाळेत पोचला तर निदान एक ओळ तरी लिहिली जाईल.

घरी आता नवीन पिल्लू आहे. नाव बाबांनी ठेवलं, पुन्हा काळ्याच, जरी ते तांबडं आहे. पार्वो आणि डिस्टेंपरचा पहिला डोस झालाय, दुसरा येत्या मंगळवारी. तालुक्याला मोटारसायकलवर न्यायचं म्हणजे मधे कोणीतरी धरून बसायला लागतं. बाबा म्हणाले, "मी बसतो धरून."